एकोणिसाव्या पानाचं शुद्धिपत्रक

जूनच्या दुसऱ्या शनिवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर शरयूबाईंनी कुरिअरने आलेलं जाड पाकीट उघडलं. आत पेरणी यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या तीन प्रती होत्या. गुळगुळीत कागद, वर लाल यंत्राचं चित्र, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात त्यांचं नाव : मराठी अनुवाद.

शरयूबाई मेहकरच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांची लेक इरा पुण्याजवळच्या एका कंपनीत कामाला होती. कंपनी ट्रॅक्टरला जोडायची शेतीची अवजारं बनवायची आणि इराच्या खात्यात त्या अवजारांबरोबर जाणाऱ्या पुस्तिका तयार व्हायच्या. चार वर्षांपूर्वी कंपनीने आपल्या नव्या पेरणी यंत्राच्या पहिल्या चाचण्या जानेफळच्या शिवारात घेतल्या होत्या. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन भरपूर, तेव्हा यंत्र इथे चाललं तर कुठेही चालेल, असा त्यांचा हिशेब होता. यंत्र चाललं आणि खपलंही. तक्रार आली ती पुस्तिकेची. ती कुणालाच कळत नव्हती.

इराने सुट्टीत घरी आल्यावर जुन्या पुस्तिकेतलं एक वाक्य आईला वाचून दाखवलं होतं : ‘बियाणे मापन यंत्रणेचे योग्य समायोजन वापरकर्त्याने सुनिश्चित करावे.’ शरयूबाई हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, हे मलाच कळत नाही तर शेतात उभ्या माणसाला काय कळणार? त्यातूनच हे काम त्यांच्याकडे आलं. जानेवारी ते मार्च, तीन महिने त्या इंग्रजी पुस्तिका समोर घेऊन बसल्या. एखाद्या भागाचं नाव अडलं की उठून शेखरच्या दुकानात जायच्या. शेखरकडे कंपनीची मेहकरची एजन्सी होती. तिथे स्टुलावर बसून त्या फिटरला विचारायच्या, याला तुम्ही काय म्हणता, आणि तो म्हणेल तेच लिहायच्या.

तर त्या दुपारी त्या आपलंच पुस्तक कौतुकाने वाचत होत्या. एकतिसाव्या पानावर चकत्यांची चित्रं होती. बियाण्याच्या पेटीत एक गोल चकती फिरते, तिच्या खाचांत दाणे बसतात आणि एकेक करून खाली पडतात. सोयाबीनला दाट खाचांची चकती, तुरीला विरळ खाचांची. चित्राखाली लिहिलं होतं : चकती क्रमांक तीन, सोयाबीन. शरयूबाईंना काहीतरी खटकलं. त्यांनी पानं मागे उलटली. एकोणिसाव्या पानावर कोणत्या पिकाला कोणती चकती लावायची याचा तक्ता होता. तिथे सोयाबीनसमोर पाच छापलं होतं आणि तुरीसमोर तीन.

त्यांनी लॅपटॉप उघडून मूळ इंग्रजी पान काढलं. तिथे आधी तूर होती, मग सोयाबीन. आणि मग त्यांना आठवलं. आपल्याकडे सगळे आधी सोयाबीन शोधणार, म्हणून त्यांनीच सोयाबीनची ओळ वर घेतली होती. पिकांची नावं बदलली होती, समोरचे आकडे तसेच राहिले होते.

पुस्तिकेप्रमाणे कुणी पाच नंबरची चकती लावून सोयाबीन पेरलं, तर दाणे वीत-वीत अंतरावर पडणार. उगवून आल्यावरच ते कळणार, आणि तोवर आठवडा गेलेला असणार. मग सगळं शेत मोडून पुन्हा पेरायचं. एक क्षण त्यांच्या मनात येऊन गेलं की कोण एवढं वाचतंय, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्या विचाराचीच त्यांना लाज वाटली. त्या उठल्या आणि आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेल्या नवऱ्याला त्यांनी उठवलं.

लक्ष्मीकांतराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली, मग इंग्रजी पान पाहिलं. बायकोला ते एक शब्दही लागेल असं बोलले नाहीत. म्हणाले, “शुद्धिपत्रक काढावं लागेल.”

शरयूबाईंनी इराला फोन लावला. सगळं सांगितलं. या पुस्तिका छपाईला जाण्यापूर्वी तपासल्याची सही इराची होती, हे शरयूबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या की तुझ्या साहेबांना मीच सांगते, चूक माझी आहे.

“आई, आधी पेरण्या थांबव,” इरा म्हणाली. “इथलं मी बघते.”

एवढं एक बरं होतं की नवी मराठी पुस्तिका पहिल्या खेपेत फक्त मेहकरच्या एजन्सीला दिली होती. बाकी जिल्ह्यांत ती पुढच्या महिन्यात जायची होती. मेहकर भागात मंगळवारी आणि बुधवारी चांगला पाऊस झाला होता. जमिनीत पाय रुतायचा थांबला, वापसा आला, की लोक पेरायला लागणार. म्हणजे उद्या किंवा परवा.

शेखरच्या दुकानात गर्दी होती. शरयूबाईंना वाटलं होतं तो चिडेल, पण त्याने हातातलं काम नोकराकडे दिलं, वही काढली आणि नव्या पुस्तिकेबरोबर गेलेली यंत्रं मोजली. अकरा. मग तो एकेकाला फोन लावत गेला आणि शरयूबाई समोर उभ्या राहून ऐकत राहिल्या. एकजण म्हणाला की पुस्तक माळ्यावर टाकलंय. दुसरा म्हणाला, कोणतं पुस्तक? तिसऱ्याच्या पोराने त्याच्या पानांची विमानं केली होती. बहुतेकांची यंत्रं शेखरच्या फिटरनेच लावून दिली होती आणि फिटरला चकत्या पाठ होत्या. आठ फोन असेच झाले.

नवव्या फोनवर मात्र नागसेन नावाचा माणूस होता. पुस्तिका पाहून त्याने कालच पाच नंबरची चकती लावली होती, पेटीत सोयाबीन भरलं होतं, आणि पहाटे सुरू करणार होता. शेखरने त्याला दोनदा समजावलं, मग फोन शरयूबाईंच्या हातात दिला. शरयूबाईंनी आपलं नाव सांगितलं आणि चूक आपली आहे हेही सांगितलं. नागसेन म्हणाला की बरं झालं मॅडम, वेळेवर सांगितलं, आता चकती उतरवून बदलतो. शरयूबाईंनी फोन शेखरला परत दिला.

दोन जण राहिले. जानेफळचे महादेवराव, जे फोन उचलत नव्हते, आणि बीबी गावाच्या पुढे वस्तीवर राहणारा गोपाल, ज्याचा फोन लागतच नव्हता.

तोपर्यंत लक्ष्मीकांतरावांनी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून आपल्या वळणदार अक्षरात एक कागद तयार केला होता. वर मधोमध ‘शुद्धिपत्रक’. खाली : ‘पृष्ठ १९ वरील तक्त्यात सोयाबीनसमोर ५ ऐवजी ३ व तुरीसमोर ३ ऐवजी ५ असे वाचावे.’ खाली तारीख आणि सही. त्याच्या तीस प्रती काढून त्यांनी गठ्ठा शेखरला दिला आणि काही आपल्या पिशवीत ठेवल्या. मग जुन्या अल्टोत बसून दोघं जानेफळला निघाले.

महादेवराव घरी नव्हते, शेतात होते. मोठी जमीन, बांधावर ट्रॅक्टर उभा, मागे ते लाल यंत्र. त्यांचा मुलगा हर्षल यंत्राखाली पडून काहीतरी आवळत होता. महादेवरावांची आणि लक्ष्मीकांतरावांची तहसीलपासूनची ओळख, त्यामुळे त्यांनी आधी खुर्च्या मागवल्या. शरयूबाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं. महादेवरावांचा चेहरा तसा करारी होता, पण शरयूबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या.

ऐकून झाल्यावर महादेवराव म्हणाले, “वहिनी, एवढ्यासाठी तुमी धावत आल्या? फोन करायचा न.”

तुम्ही फोन उचलत नव्हता, असं लक्ष्मीकांतरावांनी सांगितलं. फोन घरी चार्जिंगला होता.

हर्षल यंत्राखालून बाहेर आला, हात पुसत. कंपनीने चाचण्या घेतल्या त्या याच शेतात. तेव्हा तो इंजिनिअरांबरोबर महिनाभर राबला होता. कोणती चकती कुठे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. “काकू, मी तं ते पुस्तक उघडलंच नाई अजून,” तो म्हणाला, आणि आईच्या वयाच्या बाईसमोर आपण काय बोललो हे लक्षात येऊन जरा ओशाळला.

चहा झाला. परत येताना रस्त्यावर ऊन उतरलं होतं. शरयूबाई म्हणाल्या, “तीन महिने घालवले मी त्याच्यावर. कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.”

“आज तेच बरं झालं,” लक्ष्मीकांतराव म्हणाले.

ते खरं होतं आणि शरयूबाईंना ते पटलंही. तरी थोडं टोचलंच.

रविवारी सकाळी सातला ते बीबीच्या रस्त्याला लागले. रात्री शरयूबाईंनी तीन-चार वेळा शेखरला विचारून पाहिलं होतं, गोपालचा फोन काही लागला नव्हता. सुलतानपूर मागे पडलं तशी शेतं बदललेली दिसायला लागली. इकडे आठवडाभर आधीच पाऊस झाला होता. काही शेतांत पेरणी उरकल्याच्या सरळ रेघा स्पष्ट दिसत होत्या. शरयूबाई खिडकीतून प्रत्येक शेताकडे बघत होत्या. लक्ष्मीकांतराव चाळीसच्या वर गाडी नेत नसत. त्या दिवशी ती पन्नासला गेली.

बीबीत त्यांनी बियाण्याच्या दुकानात गोपालच्या वस्तीचा रस्ता विचारला. दुकानदाराने समोर बोट दाखवलं. गोपाल रस्त्यापलीकडे मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर उभा होता. त्याचा फोन मंगळवारी बैलांच्या हौदात पडला होता आणि तो आज दुरुस्त होऊन मिळणार होता.

तिशीचा, सडसडीत, हसतमुख माणूस. शरयूबाईंनी विचारलं की पेरणी केव्हा करणार.

“आमचं तं झालं न, काकू. सोमवारीच पेरलं. आठ एकर सोयाबीन, बाजूनं तूर.”

शरयूबाईंनी विचारलं की चकती कोणती लावली होती.

“ते मले नाई माहीत. माय न बायको रोज पुस्तक घेऊन बसत होत्या. त्याईनं काढून देल्ली, ते म्या लावली.” त्याने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. “काऊन, काई झालं काय?”

लक्ष्मीकांतराव म्हणाले की आधी शेत दाखव, मग सांगतो. गोपालने मोटारसायकलला किक मारली आणि हे दोघं त्याच्या मागे निघाले. डांबरी रस्ता संपून मातीचा लागला. शरयूबाईंच्या मनात आठ एकर हा आकडा घुमत होता. अकरांतल्या दहांनी पुस्तक बाजूला ठेवलं होतं किंवा ते वेळेवर हाती लागले होते. आणि ज्या एका घरात ते पानन् पान वाचलं गेलं होतं, तिथेच शेत वाया गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं. त्या आता शब्द जुळवत होत्या. नवं बियाणं आपण घेऊन देऊ, असं म्हणायचं. पण गेलेले दिवस कुठून आणून द्यायचे?

वस्तीच्या अलीकडे गोपालने गाडी थांबवली आणि हात करून दाखवलं, हे आमचं.

शरयूबाई उतरल्या. चपला बांधावर काढल्या आणि काळ्या मातीत पाय टाकला. सोयाबीन नुकतंच वर यायला लागलं होतं. काही कोंब अजून वाकलेले होते, डोक्यावर मातीचा पातळ पापुद्रा घेऊन. काहींच्या दोन्ही डाळी उघडून हिरव्या झाल्या होत्या. त्या ओळीजवळ उकिडव्या बसल्या. एक कोंब. त्याच्या पुढे दुसरा. मध्ये त्यांनी हाताची बोटं आडवी ठेवली. चार बोटं बसली. पुढचा, पुन्हा चार बोटं. त्यापुढचा साडेतीन.

त्यांचा विश्वास बसेना. त्या उठून दहा पावलं पुढे गेल्या, दुसऱ्या ओळीत बसल्या. तिथेही तसंच. मग आणखी आत गेल्या. साडीचा काठ मातीने भरला. सगळीकडे दाट, सरळ, जशी यायला हवी तशी ओळ आली होती.

“अहो,” त्यांनी मागे वळून हाक मारली. “उगवलंय. बरोबर उगवलंय.”

आणि त्या तिथेच दोन ओळींच्या मध्ये मातीत बसल्या. लक्ष्मीकांतराव पाण्याची बाटली घेऊन आले. शरयूबाई पाणी प्यायल्या, उरलेलं त्यांनी तोंडावर मारलं. रडू येत होतं ते त्यात लपलं.

वस्तीवरून एक साठीची बाई झपझप येताना दिसली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात विळा. ती गोपालची आई गोजरबाई. मागून तिची सून राखी, ओले हात पदराला पुसत. आपल्या शेतात एक अनोळखी बाई मातीत बसली आहे एवढंच गोजरबाईंना लांबून दिसलं होतं.

“काय झालं वं माय? चक्कर आली काय?”

शरयूबाई उठल्या. काल दोनदा सांगून झालं होतं, पण इथे सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. तुमच्या पुस्तकात एकोणिसाव्या पानावर चूक आहे आणि ती मी केली आहे, असं त्या म्हणाल्या.

गोजरबाईंनी सुनेकडे पाहिलं. राखीने सासूकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच हसू पसरलं.

“मंग ते पुस्तक तुमी लिवलं?” गोजरबाई म्हणाल्या. “चला घरी. उन्हात काऊन उभं राह्यचं?”

घरासमोर सारवलेलं अंगण होतं. राखीने सतरंजी टाकली आणि आतून पुस्तिका आणली. तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. काय घडलं ते तिने सांगितलं. गोजरबाईंना वाचता येत नव्हतं, पण नवं यंत्र घरात आलंय तर त्याचं पुस्तक आपल्याला ऐकायचंय, असं त्यांनी ठरवलं होतं. मग स्वयंपाक झाल्यावर रोज संध्याकाळी राखी वाचायची आणि त्या ऐकायच्या. राखी बारावी शिकलेली. एकोणिसावं पान तिसऱ्या दिवशी आलं. सोयाबीनला पाच नंबर, असं राखीने वाचलं, तेव्हा गोजरबाईंनी तिला थांबवलं आणि दोन्ही चकत्या आणायला लावल्या. हातात फिरवून पाहिल्या. पाच नंबरच्या खाचा त्यांना विरळ वाटल्या. राखी म्हणाली की आत्याबाई, छापलेलं आहे, कंपनीचं आहे, ते कसं चुकेल?

“म्या म्हनलं, छापनारा बी मानूसच असते न,” गोजरबाईंनी मध्येच सांगितलं.

त्यावर दोघींचा वाद झाला. शेवटी दुसऱ्या दिवशी अंगण झाडून घेतलं आणि गोपालला ट्रॅक्टर आणायला लावला. पाच नंबरची चकती लावून यंत्र अंगणावरून ओढलं. दाणे पडले ते वीतभर अंतराने. मग तीन नंबरची लावली. दाणे चार बोटांवर पडले. एवढं झाल्यावर राखीनेही मान्य केलं. तिने एकोणिसाव्या पानावर पेन्सिलीने दोन बाण काढले, पाच खाली आणि तीन वर. कंपनीच्या नंबरवर तिने दोनदा फोन लावला, तो व्यस्त लागला. तिसऱ्यांदा लावायच्या आधी फोन हौदात गेला.

शरयूबाईंनी ते पान हातात घेतलं. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वह्यांत बाण काढले होते. हे बाण सरळ आणि नीटनेटके होते. त्यांनी नुसतं बोट फिरवलं त्यांच्यावरून.

लक्ष्मीकांतरावांनी पिशवीतून शुद्धिपत्रक काढलं आणि एकोणिसाव्या पानावर चिकटवायला डिंक मागितला. राखी म्हणाली की त्या पानावर नको, काका, माझे बाण झाकतील. मग ते मुखपृष्ठाच्या आत चिकटवायचं ठरलं. लक्ष्मीकांतरावांनी ते चारी कोपरे दाबून चिकटवलं. त्यांचं समाधान झालं.

आता राखीला धीर आला होता. तिने पुस्तिकेत ठिकठिकाणी केलेल्या खुणा दाखवायला सुरुवात केली. चोवीस पानावर ‘वंगण’ लिहिलंय, ते म्हणजे ग्रीसच का, मग ग्रीस काऊन नाही लिहिलं? तीस पानावरचं वाक्य दोनदा वाचलं तेव्हा कळलं. शरयूबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि सगळं लिहून घेतलं. शाळेत एवढ्या बारकाईने त्यांचं कुणी कधी ऐकलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. आणि मग राखीने बारावं पान उघडलं. तिथे एका ओळीखाली जाड रेघ होती : ‘यंत्र चालू असताना जवळ जायचं असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा.’ ती ओळ इंग्रजीत नव्हती. शरयूबाईंनी ती स्वतःहून घातली होती, आणि इराने ती तशीच राहू दिली होती.

“हे वाचलं तवा म्या राखीले म्हनलं,” गोजरबाई म्हणाल्या, “हे बाईमानसानं लिवलेलं हाय. गड्याले हे सुचलंच नसतं.”

जेवल्याशिवाय त्यांनी कुणाला सोडलं नाही. बेसन, गरम भाकर, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. लक्ष्मीकांतरावांना तिखट झेपत नसे, पण ते मुकाट्याने खात राहिले आणि दुसरी भाकरही घेतली. शरयूबाईंना कालपासून भूक लागली नव्हती. आता लागली. गोपालचा फोन सुरू झाला होता. त्याने शेखरला फोन लावून सांगितलं की आमचं सगळं बरोबर आहे, मॅडम इथंच जेवून राह्यल्या.

इराचा फोन परतीच्या वाटेवर आला. ती साहेबांच्या घरी जाऊन आली होती. साहेब बरेच चिडले. त्यांनी सोमवारचीही वाट पाहिली नाही. गोदामातल्या बाकीच्या पुस्तिका थांबवायला लगेच फोन केला. नंतर त्यांनी विचारलं की चूक कुणी पकडली, आणि कुणाचं नुकसान झालं का. दुसरा प्रश्न इराने आता आईला विचारला.

“कुणाचं नाही,” शरयूबाई म्हणाल्या. “अकराच्या अकरा बरोबर आहेत. मी आत्ता डोळ्यांनी पाहून आले.” आणि मग त्यांनी राखीचे बाण, अंगणातली पेरणी, गोजरबाई, सगळं सांगितलं. शेवटी इराने मोठा श्वास सोडला, तो फोनवर ऐकू आला.

इराला लेखी समज मिळाली, नोकरीला धक्का लागला नाही. कंपनीने एकोणिसावं पान नव्याने छापलं. आणि शरयूबाईंनी साहेबांना एक पत्र लिहिलं. त्यात माफी दोन ओळींत होती आणि बाकीचं पानभर एकच मागणी होती. यापुढे कोणतीही पुस्तिका छापण्यापूर्वी ती यंत्र समोर ठेवून, ते वापरणाऱ्या बाईमाणसांना वाचून दाखवावी. तशी माणसं कुठे मिळतील, हेही त्यांनी लिहिलं होतं, पत्त्यासकट.

ऑक्टोबरमध्ये, सोयाबीन निघून शेतं हरभऱ्यासाठी मोकळी झाली होती, तेव्हा कंपनीची गाडी बीबीच्या पुढच्या वस्तीवर आली. गाडीत इरा होती आणि प्रसेनजित नावाचा एक तरुण इंजिनिअर होता, ज्याने हरभऱ्याची नवी चकती तयार केली होती. मेहकरहून शरयूबाई आणि लक्ष्मीकांतराव आधीच येऊन बसले होते. अंगणात यंत्र उभं केलं. राखीच्या हातात पुस्तिकेचा कच्चा मसुदा होता आणि ती मोठ्याने वाचत होती. गोजरबाई यंत्राजवळ उभ्या होत्या. चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला. प्रसेनजित सांगू लागला की हे असं का आहे. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ठीक आहे, पण आधी यंत्र ओढून दाखव. तो गुडघ्यावर बसून चकती बसवू लागला. राखीने पुढचं वाक्य वाचलं, थांबली, आणि इराला म्हणाली की ताई, हे जरा फिरवून लिहा. इराने लिहून घेतलं.

शरयूबाईंना त्या दिवशी काहीच काम नव्हतं. चूक शोधायला तिथे चार जण होते. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग कडुनिंबाच्या सावलीत सतरंजीवर पाय लांब केले. हवेत नुकत्याच काढलेल्या सोयाबीनच्या भुशाचा, कुटाराचा वास होता. राखीचा आवाज लांबून येत राहिला, अधूनमधून गोजरबाईंचं “थांब” ऐकू येत राहिलं. लक्ष्मीकांतरावांनी वळून पाहिलं तेव्हा शरयूबाईंना चांगली झोप लागली होती.